चारशे मीटर पाइप आणि मंडईचे पाहुणे

मी मुळात घाबरट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जहाज, वादळ, दर्या असे शब्द आले तरी कुणी मला धाडसी वगैरे समजणार नाही. समुद्राच्या तळाशी तेलाचे आणि गॅसचे पाइप टाकणाऱ्या जहाजांवर मी वीस वर्षं काढली. रिगर म्हणून. रिगर म्हणजे जे जड असेल ते बांधायचं, उचलायचं, ओढायचं, सोडायचं, आणि हे सगळं करताना आपली बोटं शाबूत ठेवायची. माझी दहाही आहेत. रोज अंघोळीच्या वेळी मोजतो.

घर रायगडात, खाडीच्या तोंडाशी. आठवीत शाळा सोडली. का सोडली ते माझ्यापेक्षा गणिताचे मास्तर चांगलं सांगतील. आणि आता हा मजकूर लिहितोय गोंदियाजवळ मुर्रीत, एका भाड्याच्या खोलीत बसून. इथून समुद्र गाठायचा तर रेल्वेत सूर्य उगवलेलाही बघावा लागतो आणि मावळलेलाही. समुद्र नसलेल्या जिल्ह्यात पाइप टाकणारा माणूस काय करतो, ते सांगायलाच बसलोय.

पण आधी धंदा समजून घ्या. इथे मला चहाच्या टपरीपासून पंचायतीपर्यंत सगळ्यांनी एकच विचारलं, एवढा लांब लोखंडाचा पाइप समुद्रात ढकलता कसा? तर ढकलत नाही. जहाज म्हणजे तरंगता कारखाना. बारा-बारा मीटरचे तुकडे वर चढवतात. एका रांगेत वेल्डिंगवाले बसलेले. पहिला सांध्यावर पहिली शिवण घालतो, दुसरा दुसरी, पुढचा त्या सांध्याचा एक्स-रे काढतो, त्याच्या पुढचा वरून लेप चढवतो. सगळ्यांचं झालं की भोंगा वाजतो आणि अख्खं जहाज बारा मीटर पुढे सरकतं. पाइप आपला जागच्या जागी. जहाजच त्याच्या खालून निघून जातं, आणि मागच्या बाजूला घसरगुंडीसारखी जी लोखंडी शेपटी असते तिच्यावरून पाइप वाकत वाकत पाण्यात उतरतो. तळाजवळ पोचला की उलटा वाकून आडवा होतो. लोखंड खरं, पण दोन-चारशे मीटर लांब झालं की दोरीसारखं वागायला लागतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गरगरलं होतं.

सगळी मेख ताणात आहे. गच्चीवरून ओली साडी खाली सोडून बघा. वरचं टोक घट्ट धरलंत तर खालचं जमिनीला टेकतं आणि मधे छान पोट येतं. वरून हात सुटला तर खाली ढीग. साडी परत उचलता येते. पाइपाची एकदा घडी पडली की तो पाइप मेला. म्हणून जहाजावर रबरी पट्ट्यांचे दोन मोठे जबडे असतात, ते पाइपाला सतत मागे धरून ठेवतात. त्या जबड्यांवर आमच्याकडे एक केरळचा ऑपरेटर होता. बारा तास एक काटा बघत बसायचा. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर म्हणाला, "कंटाळा आला म्हणजे सगळं ठीक चाललंय. मला मजा यायला लागली की तू पळ."

वादळ आलं तर काय, हेही लोक विचारतात. पाइप समुद्रात ठेवून पळून जातो. खरंच. टोकाला बूच मारायचं, जाड तारेनं हळूहळू तळाशी निजवायचं, तारेला तरंगणारा पिंप बांधायचा आणि निघायचं. पहिल्या वेळी मला ते आजारी माणसाला इस्पितळात सोडून आल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी परत आलो, पिंप सापडला, टोक वर ओढलं, पाइप जसाच्या तसा. मी त्याच्यावर हात फिरवला तर मुकादम ओरडला, "काय रे, ताप बघतोस काय?"

तर असा मी. पाच-सहा माणसांच्या मागे उभा राहून दोर धरणारा. जहाजावर मी एकदाही "सोडा" असा हुकूम दिला नव्हता, फक्त ऐकला होता.

आमच्या जहाजावर एक इंजिनियर होते, त्यांना मी साहेबच म्हणतो. त्यांनी समुद्र सोडून गावांच्या पाणीयोजनांची कामं घेतली. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला.

"गोंदिया जिल्ह्यात एक तलाव आहे. काठापासून खोल पाण्यापर्यंत पाइप टाकायचाय, चारशे मीटर. मला इथे दुसरी साइट आहे. तू टाक."

"मी? साहेब, मी आठवी नापास."

"पाइपाला सांगू नकोस."

मग म्हणाले, "ही एक लाइन सरळ टाकलीस तर यापुढच्या लाइनी तुझ्या हाताखाली. पण दुसरा पाइप मिळणार नाही, एवढं लक्षात ठेव. घडी पडली तर तीन गावं उन्हाळाभर टँकरची वाट बघतील, आणि तुला मी परत दोर धरायला पाठवीन."

गावाचं नाव सांगत नाही. पुढे जे घडलं त्यावरून कुणाची नोकरी जायला नको. नागझिऱ्याच्या डोंगरांच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. तलाव जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातला, मोठा, एका बाजूला उंच मातीची पाळ. पाळीजवळ पाणी खोल. पाळीला मात्र कुदळ लावायची परवानगी नव्हती, म्हणून पाणी उपसायची विहीर समोरच्या काठावर बांधलेली. त्या विहिरीपासून पाळीजवळच्या खोल पाण्यापर्यंत पाइप. उन्हाळ्यात काठ कितीही आटला तरी पाइपाचं तोंड पाण्यात राहील, असा हिशेब.

तिथे मला सोमाजी भेटले. ढिवर समाजातले, साठीचे, पिढ्यान्‌पिढ्या त्याच तलावात मासेमारी. त्यांच्या पत्नी कौतिकाबाई शिंगाड्याच्या वेलांमधून डोंगा चालवायच्या. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद होडी. मी खाडीकाठचा, म्हटलं होडी काय नवीन. बसलो, आणि डोंगा असा डुलला की मी दोन्ही हातांनी सोमाजींची कंबर धरली.

"काऊन गा," सोमाजी म्हणाले, "समुद्रावरचा ना तू?"

पहिल्याच दिवशी मी दुसरा पराक्रम केला. सवयीनं विचारलं, "पाणी कधी चढतं? भरती किती वाजता?"

सोमाजींनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग कौतिकाबाईंना हाक मारून म्हणाले, "आयकलं का वं? हा म्हने, तलाव रोज चढते आन उतरते." आणि मला म्हणाले, "भाऊ, आमचं पानी पावसाराच्या चार महिन्यात येते आन उनाऱ्यात जाते. मंधात कोठी जात नाई. बसून रायते."

पुढचा महिनाभर कुणीही भेटलं की विचारायचं, "का भाऊ, आज पानी चढलं का?"

तिसरं म्हणजे नांगर. जहाज जागेवर धरायला आम्ही चारी बाजूंना लोखंडी नांगर टाकतो. इथे जहाजाऐवजी तराफा होता, तो धरायला मी दोन नांगर टाकले. ते गाळात लोण्यात सुरी शिरावी तसे शिरले आणि ओढल्यावर तसेच बाहेर आले. सोमाजींनी गावातून बांबू आणले, डोंग्यात उभं राहून गाळात दोन पुरुष खोल रोवले, तराफा त्यांना बांधला. हलेना. मी वहीत लिहून ठेवलं: गाळ असेल तर नांगर नको, सोमाजी हवेत.

पाइप इथे लोखंडाचा नव्हता, काळ्या जाड प्लास्टिकचा. आत मांजर शेपटी वर करून चालत जाईल एवढ्या तोंडाचा. दोन तुकड्यांची टोकं तापलेल्या गोल तव्याला लावायची, वितळली की तवा काढून एकमेकांवर दाबून धरायची. गार झालं की एक होतात. तवा बघून बाया रोज विचारायच्या, "भाकर टाकून पाहू का गा एक?" मग पाइपावर ठरावीक अंतरानं सिमेंटचे दोन-दोन अर्धगोल बोल्टनं आवळायचे, हे वजन. दोन्ही टोकं बंद असली की आत हवा, म्हणून एवढी वजनं घेऊनही पाइप तरंगतो. आठ दिवस तो चारशे मीटरचा काळा पाइप तलावावर आडवा पडून होता. बगळे रांगेत बसायचे त्याच्यावर.

आता बुडवायची रीत. विहिरीकडच्या टोकाला पाण्याचा वॉल, म्हणजे चाक फिरवून उघडायची झडप. दुसऱ्या टोकाला, म्हणजे पाळीजवळ, तराफ्यावर हवेचा वॉल. इकडून थोडं पाणी आत घ्यायचं, तिकडून तेवढीच हवा सोडायची. पाइप विहिरीकडून बुडायला लागतो आणि बुडणारा वाक हळूहळू तराफ्याकडे सरकत येतो. आणि हे होत असताना तराफ्याकडच्या टोकाला ताण हवा, नाहीतर वाकाची घडी होते. जहाजावरचे जबडे इथे कुठून आणणार? टोकाला जाड दोर बांधला, तो पाळीवर नेला आणि ट्रॅक्टरला अडकवला. ट्रॅक्टर मागे धरून ठेवणार. कागदावर सुंदर दिसत होतं.

दिवस ठरवायला मी सरपंचबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "मंडईच्या दिवशी करा."

मंडई म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा आपला दिवस. लेकी-जावई, सोयरे, आजूबाजूची गावं, सगळे जमतात. दुकानं लागतात, शिंगाडे, मुरमुरे, पाळणे, आणि दिवसा दंडार होते, म्हणजे ढोलकीवर गाणी आणि नाच. मी म्हटलं, "बाई, गर्दीत हे काम नको. एखादा मंगळवार बघू."

"भाऊ, तीन गावचे पाहुने येतात. त्याइच्यासमोर बुडवा. मंग कोनी म्हननार नाई का पाइप टाकलाच नाई."

मी वहीत मंडईची तारीख लिहिली.

विहिरीकडच्या वॉलवर पंचायतीचा पाणी सोडणारा टेकराम होता. शेहेचाळीस वर्षांचा, शांत, भरवशाचा. त्याला शिकवलं, वॉल फक्त पाव फिरवायचा आणि हात काढायचा नाही. मी लाल कापड हलवलं की बंद. त्यानं मला तीनदा तेच म्हणून दाखवलं. हा इसम जागचा हलणार नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मंडईच्या दिवशी सकाळी नारळ फुटला, पाइपाला झेंडूची माळ पडली, कुणीतरी त्याला कुंकूही लावलं. मी लाइफ जॅकेट घालून तराफ्यावर सोमाजींबरोबर उभा. पाळीवर माणसंच माणसं. पाळणा फिरतोय, दंडारवाल्यांची ढोलकी चालू. मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर करून ओरडलो, "सोडा!"

आणि काय सांगू, सोडलं! टेकरामनं वॉल पाव फिरवला, मी हवा सोडली. हवेच्या वॉलमधून 'हूऽऽ' असा जाड, गोड आवाज यायला लागला, शंखात कुणी आळसावून फुंकावं तसा. हा आवाज म्हणजे आमची नाडी. जाड आहे तोवर पाइप सावकाश बुडतोय. पातळ झाला की काळजी. बगळे विहिरीकडून एकेक उडायला लागले. वजनांची जोडी गेली, दुसरी गेली, पाण्यावर बुडबुड्यांची रेघ. पाळीवरून प्रत्येक वजनाला "गेऽऽला!" असा गजर. म्हाताऱ्या माणसांनी टोप्या हलवल्या. निम्मा पाइप तासाभरात गेला. तळव्याखाली पाइप मांजरासारखा गुरगुरत होता. मी हसत होतो. सोमाजी हसत होते. मला मजा यायला लागली होती, आणि मला पळायचं सुचलं नाही.

काठावर काय घडलं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो.

टेकरामच्या थोरल्या बहिणीचा मुलगा मोहनलाल मंडईला आला. भाचा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चड्डीतलं पोर येईल. मोहनलाल बावन्न वर्षांचा आहे, मामापेक्षा सहा वर्षांनी मोठा, पांढऱ्या मिशा, अंगानं भक्कम. इकडे भाच्याचा मान देवासारखा. मामानं त्याचे पाय धुवायचे, पाया पडायचं, मग बाकीचं. टेकरामनं तर पाण्यानं भरलेला लोटा वॉलशेजारी सकाळपासून तयार ठेवला होता. मी तो बघितलाही होता. मला वाटलं, पिण्याचं पाणी.

मोहनलाल पायऱ्या उतरून आला. टेकरामचा एक हात वॉलवर. पण एका हातानं कुणी पाया पडतं का?

"मामाजी, राहू द्या ना, काम चालू हाये तुमचं."

"असं कसं भाचेबुवा! देव दारी आला आन मी चाकाले धरून बसू?"

"मंग द्या, तवरक मी धरतो."

आणि मोहनलालनं वॉल धरला. शेतातल्या मोटारीच्या सवयीनं, धरलाय तर नीट धरू म्हणून, पूर्ण उघडला.

तराफ्यावर माझ्या हातातला आवाज 'हू'चा 'ही' झाला, आणि 'ही'ची किंकाळी. वजनं एकेक करून जाण्याऐवजी तीन-तीन जायला लागली. पाळीवरचे लोक तर खूश, "गेला, गेला, गेला!" मी लाल कापड हलवलं. टेकराम वाकलेला, पाय धूत होता. मोहनलालनं लाल कापड बघितलं, त्याला वाटलं की मी त्याला रामराम करतोय. त्यानं मोकळा हात उंच करून मला रामराम केला.

मी हवेचा वॉल बंद केला. किंकाळी थांबली, पण आत शिरलेलं पाणी थांबेना, ते उताराला धावलं आणि पाइपाचा वाक जड झाला. दोराला हिसका बसला. पाळीच्या आतल्या उतारावर माती ओली होती, ट्रॅक्टर पाण्याच्या दिशेनं घसरायला लागला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, चाकं तशीच्या तशी घसरत होती. ट्रॅक्टर घसरला म्हणजे दोर सैल. दोर सैल म्हणजे ताण नाही. तराफ्यापासून साठ-सत्तर मीटरवर पाइप पाण्यात शिरत होता, आणि त्याची कमान डोळ्यांदेखत कोयत्यासारखी आवळत चालली होती.

माझ्या तोंडून जहाजावरचा शब्द आला. "ताण! ताण द्या! ताण!"

पाळीवर पाचशे माणसं. कुणाला काही कळेना. एक बाई दुसरीला म्हणाली, "तहान लागली वाटते त्याले." (हेही मला नंतर कळलं.)

सोमाजींनी तराफ्यावर उभं राहून तोंडाभोवती दोन्ही हात धरले. "अबे पाहुनेहो! दोर वढा! पाइप चालला!"

मग जे झालं ते मी वीस वर्षांत कुठल्या जहाजावर बघितलं नाही. जिलेबीवाला कढई सोडून धावला. जावई धावले, कडक इस्त्रीच्या पँटी घातलेले. बाया पदर खोचून आल्या. पाळण्यावरचा माणूस पाळणा थांबवायला विसरून आला. शे-दीडशे माणसांनी तो दोर धरला आणि ओढला. कमान उघडली. पण त्यांनी ओढला तो रस्सीखेचीसारखा, हिसक्याहिसक्यानं. एकदा हिसका, पाइपाचं टोक पुढे. दोर सोडला, टोक मागे. पाइप ताणला जाई आणि परत दुमडायला बघे. हे आणखी वाईट.

"हळू! सारखं धरा! सारखं!" मी ओरडून ओरडून घसा बसवला.

तेवढ्यात दंडारचा शाहीर, डोक्याला फेटा, गालांना लाली, दोरापाशी आला. त्यानं ढोलकीवाल्याला खूण केली. धीमा ठेका. आणि त्यानं तिथल्या तिथं गाणं जोडलं:

"धर गा पाहुन्या, धरूनच रायजो, पाइप आपला, सोडून नको जायजो..."

शे-दीडशे माणसं ठेक्यावर एक पाऊल मागे. थांब. एक पाऊल मागे. थांब. जबडेसुद्धा एवढा सारखा ताण देत नाहीत हो. मी हात वर केला की शाहीर ठेका चढवी, खाली केला की उतरवी. मी तराफ्यावरून शे-दीडशे पाहुण्यांना एका हातानं चालवत होतो. मी मोठमोठ्यानं हसत होतो. समोर टेकराम पाय धुऊन, पाया पडून, सावकाश सरळ झाला. त्यानं तलाव बघितला, वॉल बघितला, आणि भाच्याच्या हातावर आयुष्यात पहिल्यांदा चापट मारली. वॉल पाववर आला. मी हवा परत सोडली. 'हूऽऽ.'

उरलेला पाइप दंडारच्या ठेक्यावर बुडाला. शेवटचं टोक गेलं तेव्हा शाहिरानं गाण्यातच पाहुण्यांना जेवायला सोडलं.

टेकराम माझ्यासमोर आला तो मान खाली घालून. मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं.

"भाऊ, चूक झाली. पन भाचा होता."

"टेकरामभाऊ, तीन गावांचं पाणी होतं."

"हाव. म्हनून तं पटकन उरकलं. नाईतं आरतीबी करतो मी."

जहाजावर काम सुरू करायच्या आधी सुरक्षेची यादी वाचतात. हेल्मेट, दोर, वारा, लाटा. माझ्या यादीत आता एक ओळ जास्त आहे: आज कुणाचा भाचा येणार आहे का?

पण खरं काळीज पुढेच कुरतडलं. त्या तीन-चार मिनिटांत घडी पडली होती की नाही? पाइप तळाशी, गढूळ पाण्यात, बघणार कोण? जहाजावर पाइपाच्या आतून एक चकती तारेनं ओढत नेतात, अडकली की समजायचं. इथे आमच्याकडे फोमचा गोळा होता, पाइपाच्या तोंडाएवढा. विहिरीकडून तो आत घालायचा, मागून पंपानं पाणी दाबायचं. घडी नसेल तर तो चारशे मीटर जाऊन तलावात बाहेर पडतो आणि वर तरंगतो. घडी असेल तर आतच बसतो.

दुपारी आम्ही दोरानं टोक वर ओढलं, झाकण काढलं, परत तळाशी सोडलं. चारच्या सुमारास टेकरामनं गोळा घातला आणि पंप सुरू केला. माझ्या हिशेबानं बारा मिनिटं. मी जॅकेट काढून तराफ्यावर ठेवलं, उकडत होतं, आणि सोमाजींच्या डोंग्यात बसून खुणेच्या बांबूपाशी थांबलो. पाळीवर सगळी मंडई परत उभी. आता कुणी ओरडत नव्हतं.

बारा मिनिटं झाली. पंधरा. उतरतं ऊन पाण्यावर असं चमकत होतं की डोळे उघडे ठेववेनात. वीस. मला साहेबांचं वाक्य आठवलं नाही, त्यांचा चेहराच आठवला, आणि मी मनातल्या मनात जहाजावरची माझी जागा बघून ठेवली, सहाव्या माणसाच्या मागे. पंचवीस. पाळीवरचे पाहुणे एकेक करून बैलगाड्यांकडे आणि मोटारसायकलींकडे निघाले. सरपंचबाई तेवढ्या उभ्या होत्या. मी सोमाजींना म्हटलं, "गेलं. अडकला."

सोमाजींनी डोंगा वळवला आणि उन्हाच्या बाजूच्या शिंगाड्याच्या वेलांकडे नेला, बायकोला म्हणे घरी न्यायचं होतं. कौतिकाबाई आपल्या डोंग्यात निवांत बसून शिंगाडे तोडत होत्या. आज त्या रोजच्यापेक्षा वीतभर उंच दिसत होत्या.

"कायवर बसली वं?" सोमाजींनी विचारलं.

"गादी हाये. पान्यातून वर आली आपसूक. लय मऊ हाये." त्यांनी जरा सरकून दाखवलं. "कवाची बसून हावो. कोनाची हाये?"

राखाडी रंगाचा, ओलाचिंब, पाइपाच्या तोंडाएवढा फोमचा गोळा.

मी काय केलं ते सोमाजी अजून नक्कल करून दाखवतात. मी म्हणे आधी "आई गंऽऽ" म्हणालो. मग गोळा छातीशी धरला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला, साहेबांचा. मला बोलता येईना, म्हणून फोन कौतिकाबाईंच्या हातात दिला आणि डोंग्यात उभा राहून नाचलो. डोंग्यात कुणी नाचत नाही. मी वीस वर्षं समुद्रावर काढली, कधी पाण्यात पडलो नव्हतो. त्या दिवशी गोळ्यासकट पडलो.

वर आलो तेव्हा कौतिकाबाई फोनवर बोलत होत्या, शेतातल्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्यानं.

"हो जी साहेब, तुमचा मानूस इथंच हाये... नाई, बोलत नाई तो. पान्यात पडला... नाई जी, खुशीनं पडला... गोरा? तो गादीवानी गोरा निंगाला जी, माह्याच डोंग्यात होता. सिधा निंगाला."

मग बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं. फोन कानापासून दूर धरून माझ्याकडे बघितलं.

"साहेब म्हनून राहिले, पुढची लाइन तुह्या हाती. आतापासून तू साहेब म्हने."

मला साहेबांचे आभार मानायचे होते. कौतिकाबाईंचे, सोमाजींचे, शे-दीडशे पाहुण्यांचे, अगदी मोहनलालचेही. मी पाण्यातूनच दोन्ही हात जोडले. दोन्ही हात जोडल्यावर माणूस बुडतो. बुडालो. परत वर आलो तेव्हा डोक्यावर शिंगाड्याचा वेल होता, तोंडात पाणी होतं, आणि पाळीवर ढोलकी पुन्हा सुरू झाली होती.

कौतिकाबाईंनी वल्हं माझ्याकडे लांब केलं.

"पहिले बाहेर निंग गा," त्या म्हणाल्या, "मंग साहेब हो."